व्हरांड्यातली ज्युरी

रेवा, परवा फोनवर तू फार वैतागली होतीस. कोर्टाकडून पत्र आलंय, ज्युरीत बसायला बोलावलंय, ऑफिसची कामं बाजूला ठेवून अनोळखी माणसांबरोबर बसायचं आणि कोणाचं तरी भांडण ऐकायचं, असं तुझं म्हणणं. मग निशांतने फोन घेतला आणि माझ्या ज्ञानात भर घातली. तुमच्या तिकडे परदेशात वकील म्हणे खटला उभा राहण्याआधी दहाबारा साध्या माणसांना एका खोलीत बसवतात, त्यांना केस सांगतात, त्यांचं बोलणं काचेआडून ऐकतात आणि मग आपली बाजू कशी मांडायची ते ठरवतात. "फोकस ग्रुप म्हणतात त्याला, आजी. एकदम शास्त्रशुद्ध."

मला हसू आलं. का ते फोनवर सांगण्याइतकं लहान नव्हतं, म्हणून लिहिते आहे. हे शास्त्र मी नव्वदच्या दशकात गडचिरोलीत पाहिलेलं आहे. काच नव्हती, पडदा होता. निळा, खालच्या कोपऱ्यात हळदीचा डाग पडलेला. आणि त्या पडद्यामागे आमचे घरमालक उभे असत, तोंडात गुळाचा खडा धरून.

घरमालक वकील होते. सगळं गाव त्यांना वकीलसाहेब म्हणे, आम्हीही तेच म्हणायचो. तुमच्या आजोबांची पाटबंधारे खात्यात तिकडे बदली झाली आणि मला कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे वरचा मजला भाड्याने मागायला गेलो. काळा कोट, खाली घरातला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि पायांत काही नाही, अशा वेषात ते झोपाळ्यावर बसले होते. आजोबांना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं मत बदललं, असं तुमच्या बाबतीत शेवटचं केव्हा झालं?"

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. प्रश्नाला नीट, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं हे अंगात मुरलेलं. पण मला काही आठवेना. पाच मिनिटं मी नुसती विचार करत बसले. शेवटी मी म्हणाले, "आठवत नाही."

"उत्तम," ते म्हणाले. "खोटं बोलत नाही आणि अक्षर चांगलं असणार. वरच्या खोल्या तुमच्या. रविवारी चार वाजता खाली यायचं."

रविवारी चार वाजता काय, ते वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जिन्यात गाठून सांगितलं. "घाबरू नका. ज्युरी असते."

आपल्या देशातली ज्युरी केव्हाच बंद झाली. वकीलसाहेबांना हे मान्य नव्हतं. लहानपणी मामाबरोबर ते नागपूरच्या कोर्टात गेले होते आणि तिथे त्यांनी एका बाकावर बसलेली ज्युरी पाहिली होती. त्यातला एक गृहस्थ चक्क झोपला होता. "आणि बाई, सगळ्यांत शहाणा प्रश्न त्यानेच विचारला, जागा झाल्यावर," असं ते दर वेळी सांगायचे. प्रश्न कोणता होता हे मात्र त्यांना कधीच आठवलं नाही. सरकारने ज्युरी काढली तर काढली, माझ्या व्हरांड्यातली कोण काढणार, असा त्यांचा बाणा होता.

पद्धत अशी. वकीलसाहेबांचे मुन्शीजी, आवाजात कसलाही चढउतार नसलेले वयस्क गृहस्थ, एक केस वाचून दाखवायचे. वकीलसाहेब कोणत्या बाजूने आहेत हे सांगायचं नाही. खरी नावं घ्यायची नाहीत. नावांच्या जागी भाज्या. फिर्यादी भोपळे, आरोपी कारले, साक्षीदार दोडके आणि पडवळ. मग ज्युरीने आपसांत बोलायचं आणि मत द्यायचं. वकीलसाहेब तेवढा वेळ पडद्यामागे. बाहेर यायचं नाही, बोलायचं नाही. गप्प राहणं त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे तोंडात गुळाचा खडा. तो विरघळेपर्यंत ऐकायचं, असा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. फार अवघड केस असली की वहिनी मोठा खडा काढून ठेवायच्या.

ह्या भाज्यांचा वहिनींना भारी जाच होता. जेवताना त्या नुसतं म्हणाल्या, "भोपळा जरा कचवट राहिला," की वकीलसाहेब घास थांबवून म्हणायचे, "भोपळ्याविरुद्ध आज काही बोलू नका. उद्या तारीख आहे."

ज्युरीत आम्ही चौघं. सगुणाबाई ढिवर, मासळीबाजार आटोपून रिकामं टोपलं घेऊन यायच्या आणि खुर्चीवर न बसता पायरीवर बसायच्या. नामदेवभाऊंचं समोरच सलून होतं. त्यांच्याकडे रोज इतक्या लोकांच्या इतक्या गोष्टी यायच्या की कोणत्याही केसवर त्यांचं मत आधीच तयार असे. तिसरे निवृत्त कंपाउंडर, कमी बोलणारे. आणि चौथी मी. माझं अक्षर खरोखरच चांगलं असल्यामुळे कोण काय म्हणालं ते लिहून ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. मानधन म्हणजे वहिनींच्या हातचे आलूबोंडे. त्या आलूबोंड्यांसाठी मी कितीही दोडके आणि पडवळ ऐकून घेतले असते.

एक शब्द त्या व्हरांड्यात बंद होता. "उघड आहे." हे जो म्हणेल त्याने सगळ्यांची मतं देऊन होईपर्यंत उभं राहायचं. "जे उघड असतं ते कोर्टात येत नाही," असं वकीलसाहेबांचं म्हणणं. नामदेवभाऊ बहुतेक रविवारी उभेच असायचे. "मले सलूनात उभं राहाची सवयच हाय," म्हणून त्यांना त्याचं काही वाटत नसे.

ज्युरीने आपल्याविरुद्ध कौल दिला की वकीलसाहेब चिडत. एका विहिरीच्या वादात आम्ही चौघांनीही त्यांच्या अशिलाला चूक ठरवलं, तर दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. जिन्यात मी समोर आले की छत्री उघडून तिच्याआड निघून जायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी अशिलाला बोलावून तडजोड करायला लावली आणि मला म्हणाले, "बाई, सगुणाबाईंना सांगा, त्यांचं बरोबर होतं. मी सांगणार नाही." एकदा तर त्यांनी घरातलाच खटला ज्युरीपुढे ठेवला. अंगणातल्या फणसाची फांदी तोडावी की नाही, ह्यावर त्यांचं आणि वहिनींचं वाजलं होतं. नावं बदलून, भाज्या घालून, मुन्शीजींनी गंभीरपणे वाचलं. वहिनी चार विरुद्ध शून्य जिंकल्या. पडद्यामागून गूळ कडाकडा चावल्याचा आवाज आला.

आता मुद्द्याची गोष्ट.

जून महिना होता आणि पाऊस अजून आलेला नव्हता. त्या रविवारी वहिनींनी पहिल्यांदाच दोन खडे काढून ठेवलेले मी पाहिले. वकीलसाहेब आठवडाभर झोपाळ्यावर बसत नव्हते, येरझाऱ्या घालत होते. मुन्शीजींनी वाचायला सुरुवात केली.

कारले नावाचा एक मनुष्य, जंगलातल्या गावचा. घरात बायको आणि दोन लहान मुली. धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली दोन खाचरं, आणि उन्हाळ्यात मोहफुलं वेचणं, ह्यावर घर चालतं. आदल्या वर्षी मोहाच्या दिवसांत गावाजवळ वनखात्याने लावलेल्या रोपवनाला आग लागली आणि बरीच झाडं जळाली. धूर पाहून वनरक्षक धावत आला. त्याला जळत्या रोपवनापासून थोड्या अंतरावर, मोहाच्या झाडापाशी कारले दिसला. हातात टोपली. झाडाखाली जळालेल्या पाल्याची राख. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक मोहाखालचा पाला जाळतात, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे ह्यानेच पाला पेटवला आणि तीच आग रोपवनात गेली. टोपली जप्त झाली, कारलेवर खटला भरला. तेव्हापासून तो जामिनावर होता, आणि मधला एक अख्खा हंगाम त्या झाडाकडे फिरकला नव्हता. पुढच्या आठवड्यात वनरक्षकाची साक्ष. शिक्षा झाली तर रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तो तुरुंगात असणार. एकट्या बाईने दोन बांध्या रोवायच्या, दोन पोरी सांभाळायच्या.

मुन्शीजींनी कागद खाली ठेवला. सगळ्यांनाच त्या पोरींचं वाईट वाटलं असणार.

"वाईट वाटते," नामदेवभाऊ म्हणाले, "पण सापडला ना तो. राख खाली, टोपलं हातात. आता काय म्हणाचं?"

कंपाउंडरांनी मान डोलावली. "त्याचा हेतू नसेल. पण आग त्याचीच."

मी वहीतून मान वर केली. मला दया येत होती, पण मी स्वतःला शिस्तीची समजत असे. दयेने पुरावा बदलत नाही, असं मला वाटलं. "त्याने मुद्दाम नाही लावली," मी म्हणाले, "पण पाला त्यानेच पेटवला, हे तर उघड आहे."

बोलल्यावर माझ्याच लक्षात आलं. मी उठून उभी राहिले. नामदेवभाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. "या बाई, या! आज तुमची पाळी!"

तर मी अशी उभी, हातात वही, वहीत माझ्याच सुवाच्य अक्षरात 'दोषी' लिहिलेलं. आणि सगुणाबाई पायरीवरून म्हणाल्या, "मुन्शीजी, राखेवर फुलं होते का फुलाईवर राख होती?"

"म्हणजे?"

"तुमच्या कागदात पाहा ना भाऊ. राख वरतं का फुलं वरतं?"

मुन्शीजींनी चष्मा लावून पंचनाम्याची नक्कल काढली आणि त्याच सपाट आवाजात वाचलं, "झाडाखाली जळालेल्या पाल्याची राख व तिच्यावर ताजी मोहफुले पडलेली आढळली. आरोपीच्या ताब्यात ताज्या मोहफुलांची अर्धी भरलेली टोपली मिळाली."

सगुणाबाई हसायलाच लागल्या. "मंग त्याले काऊन धरून आनलं?"

"म्हंजे काय जी?" नामदेवभाऊ म्हणाले.

"नामदेवभाऊ, तुमी गावातले. बाई तं नागपूरच्या, त्याईले माफ हाय. मोह पडाच्या पहिले पाला जाळतेत. धा-पंधरा दिवस पहिले. जागा साफ झाली का मंग फूल पडते, ते दिसते. फूल पडाले लागल्यावर कोन जाळते? सारे फुलं भाजून जाईन. आपल्याच घरचं खानं आपल्याच हातानं जाळीन का तो?" त्यांनी आपलं रिकामं टोपलं पुढे ओढलं आणि अर्ध्यावर हात ठेवला. "एवढं भरलं होतं. म्हंजे पाहाटपासून वाकून येचून राह्यला होता बिचारा. त्याच दिवशी आग लावली असती तं येचाले काय राह्यलं असतं? कोळसे? थे राख जुनी होय. आग दुसरीच कोनती तरी होय."

पडद्यामागे काहीतरी पडलं. मग पडद्याचीच दांडी खाली आली आणि निळ्या पडद्यात गुरफटलेले वकीलसाहेब व्हरांड्यात आले. नियम मोडून. दोन्ही खडे त्यांनी गिळले असावेत, कारण त्यांना ठसका लागला होता. वहिनी पाणी घेऊन धावल्या. ठसका थांबल्यावर ते खाली, पायरीवर, सगुणाबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांनी ते रिकामं टोपलं स्वतःकडे ओढलं.

"त्याची टोपली मी लपवणार होतो, सगुणाबाई," ते म्हणाले. "आठ दिवस हाच विचार करतोय. टोपलीवर कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून काय करावं."

"लपवू नका, भाऊ. डोक्यावर घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अशिलाला बोलावून घेतलं. खरं नाव मंगरू. मी वरून जिन्यात उभी राहून ऐकलं, ते शिस्तीत बसत नाही हे मला माहीत आहे. वकीलसाहेब ओरडत होते. "अरे, वर्ष झालं तू माझ्याकडे येतोस! राख जुनी आहे, हे तू एकदाही का सांगितलं नाहीस?"

मंगरू शांतपणे म्हणाला, "तुमी इचारलं नाई, साहेब. तुमी इचारलं, टोपली कोनाची, मी म्हनलो माझी. राखेचं तं लहान्या पोराले बी मालूम असते. मले वाटलं, तुमी एवढे शिकलेले, तुमाले मालूमच असन."

मंगरूला ते उघड होतं. म्हणून तो बोलला नव्हता. मी डोकावून पाहिलं, तर वकीलसाहेब झोपाळ्यासमोर उभे होते. त्यानंतर मंगरू जाईपर्यंत ते बसले नाहीत.

साक्षीच्या दिवशी मी कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा काढली. सगुणाबाई मासळी लवकर विकून आल्या. वनरक्षक तरुण होता, तिकडच्याच एका गावचा, आणि खोटं बोलणाऱ्यांतला मुळीच वाटत नव्हता. जप्त केलेली टोपली टेबलावर ठेवली होती. फुलं वाळून काळपट झालेली. वकीलसाहेब आज पायजम्यात नव्हते, एवढाच मला दिलासा होता.

"ही टोपली आरोपीची?"

"हो साहेब."

"त्या दिवशी फुलं ताजी होती?"

"ताजीच होती. रस होता त्याईत."

"तुमच्या घरी मोह वेचतात का?"

"वेचतात ना, साहेब. माझी आई वेचते."

"ती झाडाखालचा पाला केव्हा जाळते?"

"फूल पडाच्या आधी."

"आणि फुलं पडायला लागल्यावर? एखाद्या सकाळी, अर्धी टोपली वेचून झाल्यावर जाळते?"

"कशाले जाळन, साहेब? फुलं..." तो पोरगा बोलता बोलता थांबला. त्याने टोपलीकडे पाहिलं, मग मंगरूकडे. मग खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाला, "फुलं राखेवर होते, साहेब. माझ्या तेव्हा ध्यानातच नाई आलं. आग पाहून मी घाबरलो होतो."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. माझ्या शेजारी सगुणाबाई पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. हसत होत्या की काय, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मंगरू सुटला. निकाल लागला तेव्हा रोवणी चार दिवसांवर आली होती. रोपवन कशाने पेटलं ते शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही.

रोवणी उरकल्यावर तो बायकोला घेऊन आला. पळसाच्या पानांत बांधलेली वाळकी मोहफुलं त्याने वहिनींना दिली. मग माझ्याकडे वळला. वकीलसाहेबांच्या पोटात काही राहत नसे, हे मला तेव्हा कळलं.

"बाई, तुमी मले दोषी लिवलं होतं म्हने?"

मी पूर्ण वाक्यात काहीतरी बोलायला गेले, ते जमलं नाही. "हो," एवढंच म्हणाले.

तो मनापासून हसला. "मंग बरोबरच हाय. तुमी मोहाचं झाड कुठी पाह्यलं! येजा आमच्या गावाले. दाखवतो."

पुढच्या चैत्रात आम्ही खरंच गेलो. वकीलसाहेब, वहिनी, सगुणाबाई, आजोबा आणि मी, एका जीपमध्ये दाटीवाटीने. पहाटे पोचलो. मोहाखाली मंगरूने पंधरा दिवसांपूर्वी जाळलेल्या पाल्याची राख होती, मऊ आणि करडी, आणि तिच्याभोवती पाला हटवून मोकळी ठेवलेली जागा. वर झाडावर पान नव्हतं. टप, टप, टप, असा आवाज येत होता. फुलं पडत होती, फिकट पिवळी, मण्यांसारखी, राखेवर. मंगरूच्या दोन्ही मुली आधीच वाकून वेचत होत्या. खटला चालू असताना जिथे तो फिरकला नव्हता, तिथे तो मुलींच्या मागे टोपली घेऊन उभा होता.

वकीलसाहेब काळ्या कोटात होते. त्यांनी चपला काढल्या आणि राखेच्या कडेला उकिडवे बसले. एक फूल उचलून त्यांनी फुंकर मारली. खालची राख उडाली, फूल स्वच्छ निघालं.

"बाई," ते मला म्हणाले, "वही आणली आहे?"

मी आणली होती. मी कुठेही वहीशिवाय जात नसे.

"त्या दिवशीचं पान काढा. खोडू नका काही. फक्त खाली लिहा, की पाहिलं."

ती वही अजून माझ्याकडे आहे. वकीलसाहेब गेल्यावर वहिनींनी निळा पडदाही पाठवून दिला होता. हळदीच्या डागासकट तो माझ्या कपाटात आहे. वहीतल्या त्या पानावर 'दोषी' आहे, आणि खाली वेगळ्या शाईत 'पाहिलं'. अक्षर दोन्हीकडे सारखंच चांगलं आहे, त्यावरून काही कळायचं नाही.

तर रेवा, तू जा. ऑफिसची कामं थांबतील. तिथे तुझ्या शेजारी कोणी तरी बाई बसेल, ती कुठून आली, काय काम करते, हे तुला ठाऊक नसेल. तिचं ऐक. आणि तुझ्या तोंडून "उघड आहे" येऊ लागलं, तर आधी उभी राहा, मग बोल. जिभेवर ताबा राहील असं वाटत नसेल, तर तोंडात गुळाचा खडा धर. तिकडे चांगला गूळ मिळत नसेल तर कळव. मोठे खडे बघून पोस्टाने पाठवते.